ऋणाग्रावरचे ऋण आयन

मुंबईहून निघालेली गाडी देवळाली मागे टाकते आणि थोड्याच वेळात नाशिक रोड येते. यात्रेकरू इथे उतरतात ते पंचवटीला किंवा त्र्यंबकेश्वराला जाण्यासाठी. गोदाघाट इथून बराच दूर आहे. नाशिक रोडची स्वतःची ओळख वेगळी आहे, आणि ती म्हणजे 'प्रेस'. 'अमक्याचा मुलगा प्रेसमध्ये आहे' असे इथे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र येत नाही. नोटा, टपाल तिकिटे आणि मुद्रांक छापणारे सरकारी छापखाने येतात.

१९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला. त्यापूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनच्या द ला रू कंपनीकडून छापून, पेट्यांत भरून, बोटीने येत. १९२८ साली शेजारीच करन्सी नोट प्रेस सुरू झाला आणि पंचम जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट तेथून बाहेर पडली. पुढे १ ऑक्टोबर १९५२ रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची सहा तिकिटे निघाली. नाशिक रोडला फोटोग्रॅव्हूर या पद्धतीने छापलेली ही पहिली तिकिटे. या लेखाचा धागा आम्ही येथून उचलतो आहोत, कारण ग्रॅव्हूरची छपाई सुरू होते ती शाईपासून नव्हे, तर धातूच्या मुलाम्यापासून.

प्रेसच्या भिंतीआड काय चालते हा आपला विषय नाही. पण ग्रॅव्हूरचे तंत्र जगभर सारखेच आहे. पोलादाचा एक जाड रूळ घेतात. त्याला विजेच्या साहाय्याने तांब्याचा थर देतात. या तांब्यात चित्र उतरवतात ते असंख्य बारीक खळग्यांच्या रूपाने. खळगा खोल असेल तेथे शाई जास्त मावते आणि छपाई गडद होते. उथळ असेल तेथे फिकट. रूळ शाईत बुडून वर येतो, एक पातळ पाते त्याच्यावरून फिरून वरची शाई पुसून काढते आणि खळग्यांतली शाई कागद ओढून घेतो. तांबे मऊ असल्यामुळे पात्याच्या आणि कागदाच्या घासण्याने ते लवकर झिजते. म्हणून खळगे कोरून झाल्यावर त्यावर क्रोमियमचा, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका, कठीण मुलामा चढवतात. क्रोम झिजले की ते हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून काढायचे आणि पुन्हा नवे चढवायचे. खालचे तांबे आणि त्यातले चित्र शाबूत राहते.

म्हणजे दोन हौद झाले, एक तांब्याचा आणि एक क्रोमचा. या दोन्ही हौदांत आपल्या पाठ्यपुस्तकाला न बसणारी एकेक गोष्ट आहे.

तांब्याच्या हौदात लिटरमागे २०० ग्रॅमच्या आसपास मोरचूद आणि ५०–६० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल असते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. पण त्यात आणखी एक घटक असतो, तो म्हणजे क्लोराइड, लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम. मोरचुदाच्या मानाने काही हजारांत एक भाग! हौद भरताना क्षार काढून टाकलेले पाणी वापरतात आणि मग हे क्लोराइड मोजून घालतात. ते नसेल तर थर गुळगुळीत यावा म्हणून घातलेली इतर सेंद्रिय द्रव्ये कामच करत नाहीत. आता पाठ्यपुस्तक काय सांगते? धन आयन ऋणाग्राकडे जातात, ऋण आयन धनाग्राकडे जातात. क्लोराइड तर ऋण आयन. मग ऋणाग्रावर तांबे कसे बसते यात त्याने ढवळाढवळ करावी, ती कशी?

क्रोमच्या हौदाची गोष्ट याहून विचित्र आहे. त्यात लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके, म्हणजे अडीच ग्रॅम, सल्फ्युरिक आम्ल. हे अडीच ग्रॅम घातले नाही तर क्रोम बसत नाही. ऋणाग्रावर काळपट पापुद्रा येतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटत राहतात. जास्त झाले तरीही मुलामा बिघडतो. एकास शंभर हे प्रमाण मुलामा देणारा कारागीर जपमाळेसारखे सांभाळतो. शिवाय या द्रावणात क्रोमियम धन आयनाच्या रूपात नसतेच. ते ऑक्सिजनच्या अणूंनी वेढलेले असते आणि सगळ्या पुंजक्यावर ऋण भार असतो. तरीही धातू बसतो तो ऋणाग्रावरच.

आम्ही शिक्षकांच्या एका बैठकीत हे सांगितले, तेव्हा एका बाईंनी विचारले, 'मग आम्ही वर्गात इतकी वर्षे शिकवतो ते चूक का?' चूक नाही, पण अपुरे आहे. आपण फक्त द्रावणातली धावपळ शिकवतो. धातू आणि द्रावण जेथे एकमेकांना भिडतात त्या सीमेबद्दल काहीच बोलत नाही. आणि कारागिरांची चिमूटभर औषधे काम करतात ती नेमकी तेथेच.

ही चिमूट जुनी आहे. १८४० च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहर चांदीच्या मुलाम्याचे मोठे केंद्र झाले होते. तेथे मिलवर्ड नावाच्या कारागिराच्या लक्षात आले की, मेणाच्या काही विशिष्ट साच्यांवर हौदात चांदी चढवली, की त्यानंतर त्याच हौदातून निघणारे चमचे आणि काटे एरवीसारखे पांढुरके-मंद न येता चकचकीत येतात. साच्यांवर फॉस्फरसचे द्रावण लावलेले असे आणि ते कार्बन डायसल्फाइडमध्ये केलेले असे. त्यातला अंश हौदात उतरत होता. १८४७ साली या युक्तीचे पेटंट घेतले गेले. हौदात कार्बन डायसल्फाइडचे काही थेंब टाकायचे, बस्स. का, ते कोणालाच सांगता येत नव्हते. तांब्यासाठी कोणी सरस घाले. अशा पाककृती बाप मुलाला सांगे, दुकानाबाहेर जाऊ देत नसे. शास्त्रज्ञांनी बराच काळ या 'मसाल्यां'कडे फारसे लक्ष दिले नाही, हे आम्हाला त्या काळातले एक नुकसान वाटते. उत्तर आले ते मुलाम्याच्या दुकानातून नव्हे, पाऱ्याच्या एका थेंबातून.

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला गाब्रिएल लिपमान हा तरुण फ्रेंच पदार्थवैज्ञानिक जर्मनीत हायडेलबर्गला शिकत होता. तेथे क्यूने या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याला एक गंमत दाखवली. सौम्य सल्फ्युरिक आम्लाखाली पाऱ्याचा थेंब ठेवायचा आणि त्याला लोखंडी तारेने स्पर्श करायचा. थेंब अंग चोरून आकसतो. तार काढली की पुन्हा पसरतो. लिपमानच्या मनात आले, हा तर पृष्ठताणाचा खेळ आहे आणि तो विजेने चालतो आहे. त्याने अरुंद नळीत पारा घेतला, वर आम्ल घेतले, दोहोंत मोजून विद्युतदाब लावला आणि प्रत्येक दाबाला पृष्ठताण किती ते मोजले. १८७५ साली त्याने यावर प्रबंध लिहिला. आलेख काढला तर तो एखाद्या टेकडीसारखा दिसला : एका बाजूने चढतो, माथ्यावर येतो, दुसऱ्या बाजूने उतरतो. (याच लिपमानला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रंगीत छायाचित्रणासाठी.)

या टेकडीचा अर्थ मुलांनाही समजावता येतो. पाऱ्याच्या पृष्ठभागावर भार असेल, मग तो धन असो वा ऋण, तर ते सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात. पृष्ठभागाला पसरावेसे वाटते आणि त्याचा ताण कमी होतो. म्हणून टेकडीचा माथा म्हणजे पृष्ठभागावर काहीच भार नसलेली जागा. माथ्याच्या एका बाजूला धातू धनभारित, दुसऱ्या बाजूला ऋणभारित. हेल्महोल्ट्झने १८७९ साली याला साधे चित्र दिले : धातूवर जेवढा भार, त्याच्यासमोर द्रावणात तेवढ्याच विरुद्ध भाराच्या आयनांची एक रांग. जणू दोन पट्ट्या अगदी जवळ ठेवलेला विद्युत धारित्र. यालाच 'दुहेरी थर' हे नाव पडले. दोन पट्ट्यांतले अंतर मिलिमीटरच्या काही कोट्यांशाहून अधिक नाही. एवढ्याशा अंतरात एक व्होल्टचा फरक पडला तर तेथील विद्युत क्षेत्र मीटरला सुमारे अब्ज व्होल्ट इतके होते. हवेत याच्या तीनशेव्या भागालाच ठिणगी उडते!

आता खरी गोष्ट येते. फ्रान्समधील लिआँ येथे गूई नावाचा चिकट माणूस (आम्ही हे कौतुकाने म्हणतो) १९०३ च्या सुमारास एकामागून एक क्षार घेऊन लिपमानचा प्रयोग पुन्हा करत बसला. हेल्महोल्ट्झचे चित्र पूर्ण असते तर सगळ्या क्षारांची टेकडी सारखीच यायला हवी होती, कारण तेथे भाराखेरीज दुसऱ्या कशालाच महत्त्व नव्हते. ऋण भाराच्या उतारावर तसे झालेही. सगळे आलेख एकमेकांवर बसले. पण दुसऱ्या बाजूला ते फाकले. क्लोराइडची टेकडी ठेंगणी, ब्रोमाइडची त्याहून ठेंगणी, आयोडाइडची सर्वात ठेंगणी, आणि तिचा माथाही ऋण बाजूला सरकलेला. याचा अर्थ एकच होता. धातूवर काहीच भार नसला, किंवा थोडासा ऋण भार असला, तरीही आयोडाइडचे ऋण आयन त्याला चिकटून बसत होते. सजातीय भार एकमेकांना ढकलतात हा नियम काही मोडला नव्हता. पण ढकलण्याहून मोठे असे एक ओढणे तेथे होते, आणि ते भाराचे नव्हते, रसायनाचे होते. ऋण भार खूप वाढवला की मात्र ढकलणे जिंकते आणि आयन सुटून जातात. म्हणून त्या बाजूला आलेख एक होतात.

पृष्ठभागाला असे चिकटून बसण्याला आपण अधिशोषण म्हणतो. स्पंज पाणी शोषतो ते आतवर. येथे आत काही जात नाही, सगळे अंगावर राहते. कोळशावर वायूचे अधिशोषण होते ते मुलांना ठाऊक असते. हे आयनांचे.

गूईने १९१० साली आणि ऑक्सफर्डच्या चॅपमनने १९१३ साली स्वतंत्रपणे आणखी एक दुरुस्ती केली : आयन एका रांगेत उभे राहत नाहीत, उष्णतेमुळे हलत राहतात, म्हणून त्यांचा धातूपासून दूर विरळ होत गेलेला एक ढग असतो. पण त्यांच्या गणितात आयनाला आकारच नव्हता, त्यामुळे धातूजवळ अशक्य वाटावी इतकी गर्दी निघे. १९२४ साली हॅम्बुर्गच्या ओटो स्टर्नने दोन्ही चित्रे जोडली : धातूला लागून एक घट्ट थर, त्यापलीकडे विरळ ढग, आणि प्रत्येक जातीच्या आयनासाठी चिकटण्याची स्वतःची वेगळी ओढ. शेवटचा धागा जोडला अमेरिकेतील अॅमहर्स्ट या छोट्या महाविद्यालयातील डेव्हिड ग्रॅहम या अध्यापकाने. त्याने १९४७ साली लिहिलेला दीर्घ लेख या विषयात अजूनही वाचला जातो. त्याचे म्हणणे असे : बहुतेक आयन अंगाभोवती पाण्याच्या रेणूंचे पांघरूण घेऊन असतात आणि त्या पांघरुणासकट धातूपासून हातभर अंतर राखतात. काही आयन मात्र धातूच्या बाजूचे पांघरूण टाकून त्याला थेट भिडतात. नाशिक रोडच्या फलाटावर गाडी येताना बोजे घेतलेली माणसे मागे उभी असतात आणि रिकाम्या हातांची अगदी कडेला, तसे. फ्लोराइडचा आयन लहान, तो पाणी घट्ट धरून ठेवतो आणि मागे राहतो. आयोडाइडचा मोठा, पाण्यावरची त्याची पकड सैल. तो सहज पुढे येतो. क्लोराइड आणि ब्रोमाइड यांच्यामध्ये. म्हणजे गूईच्या टेकड्यांचा क्रम हा पांघरूण टाकण्याच्या तयारीचा क्रम होता. धातूलाही पाण्याचा थर असतो आणि आयनाला तेथे जागा करून घ्यावी लागते, हे १९६३ साली बॉक्रिस, श्रीलंकेचे देवनाथन आणि म्यूलर यांनी मांडले.

हे सारे पाऱ्यावर झाले, कारण पारा द्रव आहे, त्याचा पृष्ठताण मोजता येतो आणि दर थेंबाला नवा कोरा पृष्ठभाग मिळतो. तांब्या-प्लॅटिनमसारख्या घन धातूंचे पृष्ठभाग ओबडधोबड आणि मळके. त्यांच्यावर कोणाचेच मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापाशी जुळेना. १९८० साली फ्रान्सच्या क्लाव्हिलिए यांनी प्लॅटिनमचा एकस्फटिकी मणी ज्योतीत लाल करून, पाण्याच्या थेंबाने झाकून, स्वच्छ पृष्ठभाग मिळवण्याची साधी रीत दाखवली आणि तो अडसर दूर झाला. नंतर सूक्ष्मदर्शकांनी सोने-तांब्यावर ओळीने बसलेले क्लोराइड आणि आयोडाइड प्रत्यक्ष दाखवले. आपल्याकडे या शास्त्राचे घर म्हणजे तमिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्था. तिची कोनशिला पंडित नेहरूंनी १९४८ साली बसवली.

आता आपल्या रुळाकडे परत येऊ आणि थोडे गणित करू. हे गणित अकरावीच्या वर्गात सहज देता येईल. धातूच्या एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सुमारे १०००००००००००००००, म्हणजे दहाचा पंधरावा घात, इतके अणू असतात. दर दोन अणूंमागे क्लोराइडचा एक आयन बसला असे धरा. अॅव्होगाड्रोचा अंक आणि क्लोरीनचे अणुवस्तुमान ३५.५ घेऊन वजन काढले, तर एक चौरस मीटर पृष्ठभाग झाकायला सुमारे ०.३ मिलिग्रॅम क्लोराइड पुरते. मिठाचे चार-सहा कण! हौदात लिटरमागे ५० मिलिग्रॅम म्हणजे चिमूट वाटते खरी, पण पृष्ठभागाच्या हिशेबात ती श्रीमंती आहे. हा एकपदरी थर तांब्यावर बसतो आणि सेंद्रिय द्रव्याच्या लांब रेणूंना तेथे धरून ठेवतो. असे रेणू उंचवट्यांवर लवकर गोळा होतात, तेथे तांबे बसणे मंदावते आणि तोवर खोलगट जागा भरून निघतात. मिलवर्डचे चमचे चमकले तेही गंधकाचे रेणू चांदीच्या पृष्ठभागावर असेच बसल्यामुळे.

क्रोमच्या हौदाची पाककृती जुळली ती नाशिक रोडचा प्रेस उभा राहत होता त्याच वर्षांत. क्रोमियमचा मुलामा देण्याचे प्रयत्न बुन्सेनपासून, म्हणजे १८५४ पासून, चालू होते, पण कधी जमे, कधी नाही. १९२० साली सार्जंटने अमेरिकेत क्रोमिक आम्ल आणि थोडे सल्फेट यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. कोलंबिया विद्यापीठाच्या कॉलिन फिंकने हे थोडेसे सल्फेट म्हणजे मळ नव्हे, ते उत्प्रेरक आहे आणि मोजूनच घातले पाहिजे, हे ओळखले. त्याचे पेटंट १९२६ चे आहे. हे तंत्र ज्यांनी लगेच उचलले त्यांत वॉशिंग्टनचा नोटा छापणारा सरकारी विभाग होता. झीज थांबली की तबकडी जास्त चालते, आणि नोटांच्या छापखान्याला याहून मोठे वरदान नाही. स्टर्नचा लेख १९२४ चा, फिंकचे पेटंट १९२६ चे. दोघांना एकमेकांची गरज होती, पण त्यांची गाठ पडायला पुढे कित्येक वर्षे गेली.

येथेच त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. अनेक आयन असलेल्या द्रावणात वीज वाहून नेण्याचे काम सगळे मिळून करतात, आणि आम्ल असेल तर बराच भाग चपळ हायड्रोजन आयन उचलतात. क्रोमियमचा ऋणभारित पुंजका ऋणाग्रापाशी पोचतो तो विसरणाने आणि ढवळण्याने, विजेच्या ओढीविरुद्ध. तेथे क्रोमियमच्या संयुगांचा पातळ पापुद्रा धरतो. सल्फेटचे आयन त्या पापुद्र्यात शिरून त्याला अडसर होऊ देत नाहीत, आणि मग आतला धातू मोकळा होतो. एवढे करूनही वापरलेल्या विजेतला पाचवा हिस्सासुद्धा क्रोम बसवण्यात लागत नाही. उरलेल्या विजेतली बरीचशी हायड्रोजन सोडण्यात जाते.

त्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडतात. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि जुन्या कारागिरांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडत. युरोपात २०१७ पासून परवान्याशिवाय ते वापरता येत नाही. आपल्या ज्या शाळांत मुलाम्याच्या कामगारांची मुले येतात, तेथे हा भाग शिकवताना हौदावरचा पंखा आणि तोंडावरचा पट्टा यांचाही विषय निघावा असे आम्हाला वाटते.

क्रोमचा प्रयोग म्हणूनच वर्गात करायचा नाही. पण ऋण आयनाची करामत दाखवणारा एक स्वस्त प्रयोग आहे. दोन काचेचे पेले घ्या आणि दोन्हींत मोरचुदाचे सारखे निळे द्रावण ओता. एकात चमचाभर मीठ विरघळवा. दोन्हींत अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोटभर तुकडा टाका. साध्या पेल्यात बराच वेळ काही घडत नाही. अॅल्युमिनियम तांब्याहून कितीतरी अधिक क्रियाशील, तरी ढिम्म. मिठाच्या पेल्यात मिनिट-दोन मिनिटांत बुडबुडे येतात, तांबूस गाळ धरतो, पेला कोमट होतो आणि कागदाची चाळण होते. अॅल्युमिनियमवर त्याच्या ऑक्साइडची पातळ कातडी असते. क्लोराइडचे आयन तिच्यावर बसून तिचे कच्चे दुवे फोडतात, सल्फेटला ते जमत नाही. मुले म्हणतील, हे मिठातल्या सोडियममुळे झाले. मग तिसरा पेला करा आणि मिठाऐवजी नवसागर घाला. चौथ्यात एप्सम मीठ. नवसागरात सोडियम नाही पण क्लोराइड आहे, एप्सम मिठात सल्फेट आहे पण क्लोराइड नाही. निकाल मुलांनाच सांगू द्या. द्रावण थोडेच घ्यावे, जवळ ज्योत नसावी, आणि डोळे पेल्याच्या तोंडावर नेऊ नयेत.

आणि कोणाकडे १९५२ ची ती तिकिटे, किंवा ग्रॅव्हूरने छापलेले कोणतेही जुने तिकीट असेल, तर ते भिंगाखाली धरावे. चित्रच नव्हे, अक्षरांच्या कडाही बारीक जाळीच्या ठिपक्यांनी बनलेल्या दिसतील. तो प्रत्येक ठिपका म्हणजे रुळावरच्या तांब्यातला एक खळगा.